सुतक नसलेलं घर

समोरच्या सलूनवाल्या कुरामोचींची बायको दारात आली, जांभळ्या कागदात गुंडाळलेली उदबत्त्यांची पेटी तिनं माझ्या हातात ठेवली आणि आवाज उतरवून म्हणाली, "आम्हाला कळलंच नाही हो, वहिनी." मी वाकले. कुणी हळू आवाजात काही हातात ठेवलं की माझी कंबर माझ्या आधी वाकते. तिला तसं वळणच लावलेलं आहे, आईनं, शाळेनं, मग सासरानं. वाकल्यावर मला तिच्या लाकडी चपला दिसल्या, गल्लीत नुकत्याच शिंपडलेल्या पाण्यानं ओल्या झालेल्या, आणि वरून तिचा आवाज ऐकू आला, की सासूबाईंचं वय झालं होतं खरं, पण आई ती आई. तेव्हा मला समजलं की माझी सासू मेली आहे. क्षणभर मी ते खरंच मानलं. डोंगरातल्या गावाहून तार आली असेल आणि चुकून समोरच्या घरात पडली असेल असं वाटलं. आणि त्या वाटण्यात दुःखाआधी सुटका होती, हेही माझ्या नजरेतून सुटलं नाही. मग मान वर केली आणि तिच्या खांद्यावरून गल्ली दिसली. प्रत्येक दारावर उद्याच्या सणाचा पांढरा कागदी कंदील टांगलेला होता. आमच्या दारावर नव्हता. सणाच्या आदल्या दिवशी ज्या दारावर कंदील नाही त्या घरात मरण झालेलं असतं. दुसरं कारण आमच्या गल्लीला ठाऊकच नाही. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात हे मीच पाण्याच्या पंपावर सांगितलं होतं, बाकीचं गल्लीनं जुळवलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तोवर मी दुसऱ्यांदा वाकले होते, आधीपेक्षा खाली, आणि दोनदा वाकल्यावर बोलायला जागा उरत नाही.

काय बोलणार होते मी? की सासूबाई जिवंत आहेत, कालच त्यांनी कुणाच्या तरी हातून काकी नावाची केशरी फळं पाठवलीत. की माझ्या नवऱ्यानं, नगरपालिकेच्या पाणीखात्यात नोकरी करणाऱ्या, कधी कुणाशी मोठ्यानं न बोलणाऱ्या योशिताकानं, ईस्टरच्या दिवशी बाप्तिस्मा घेतला. आणि कंदील, उद्या ज्याचा रथ निघणार त्या हाचिमान देवाच्या देवळाचा आहे म्हणून तो आमच्या दाराला लागणार नाही. हे वाक्य मी ओठांत बोलून पाहिलं. आमच्या गल्लीत ते बोलता येण्यासारखं नाही. ते फार भयंकर आहे म्हणून नाही. तसलं वाक्य ठेवायला इथे फळीच नाही म्हणून. इथे कुणी काही मानत नाही. यंदा गल्लीचं प्रमुखपद कुरामोचींकडे आहे, आणि ते दाढी करता करता गिऱ्हाइकाला स्वतःच सांगतात, की रथातला देव म्हणजे एक आरसा आहे, आणि तो फडक्यात मीच गुंडाळलाय. मासेवाल्यांचा पंथ वेगळा आहे, त्यांच्या भटजींना हाचिमान चालत नाही. त्यांच्या दारावर कंदील आहे. कोपऱ्यावरचे मास्तर लाल झेंड्याच्या मोर्चात जातात, देव ही अफू आहे म्हणतात. त्यांचा कंदील सर्वांत आधी लागतो, कारण त्यांच्याकडे शिडी आहे. तू काय मानतोस हे कुणी कुणाला विचारत नाही. ते विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या अंथरुणाच्या कपाटात डोकावणं. मी ज्या कॉलेजात शिकले ते मिशनचंच होतं, रोज सकाळी प्रार्थना असे, आम्ही सगळ्या मुली कवायतीसारखी स्तोत्रं म्हणत असू, आणि चार वर्षांत त्यातली एकही ख्रिस्ती झाली नाही. गल्लीची सहनशीलता मोठी आहे. ती एवढंच म्हणते, मनात काय ते तुझं तू ठेव, कंदील मात्र लाव.

आमच्याकडे धर्म सांगायला येणाऱ्या मिस हॅल्वर्सनला हे कळत नाही. किंवा इतकं नेमकं कळतं की तिचं बोट बरोबर तिथेच जातं. ती अमेरिकेच्या कुठल्याशा बर्फाच्या, गव्हाच्या मुलखातली आहे. सायकलवरून येते, उंबऱ्यात बूट काढताना भिंतीला हात टेकते आणि तिथे तिच्या घामेजल्या पंजाचा ठसा उमटतो, तो मी ती गेल्यावर पुसते. चटईवर ती गुडघे मोडून बसते तेव्हा तिचे गुडघे आवाज करतात आणि ती हसते. मला ते हसणं सोसत नाही. साबणाचा आणि दुधाचा वास घरात संध्याकाळपर्यंत राहतो. पहिल्यांदा आली तेव्हा खिडकीतून बघत म्हणाली होती, तुमच्या शहरात आकाश किती मोकळं आहे. हो, आहे. बाँबवर्षावात शहर जळालं त्या रात्री मी सोळा वर्षांची होते आणि आसाही नदीत गळ्यापर्यंत उभी होते. आकाश तिच्या माणसांनी मोकळं केलं. दुसऱ्या भेटीत तिनं सांगितलं की तिचा भाऊ दक्षिणेच्या समुद्रात आमच्या लोकांकडून मारला गेला, आणि तिनं आम्हाला क्षमा केली आहे. मी दुभाषी होते. मी योशिताकाला सांगितलं, "मनात काही किल्मिष नाही म्हणतात." क्षमा हा शब्द मी माझ्या जिभेवरून जाऊ दिला नाही.

दुभाषी मी होते, ही या सगळ्यातली खरी गोम. घरात इंग्रजी मलाच येत होतं. पाणीखात्यातल्या एका सहकाऱ्यामुळे ती आमच्याकडे यायला लागली, पंधरवड्यातून एकदा, चार-सहा माणसं जमायची, ती बोलायची आणि मी तिचं बोलणं आमच्या बोलीत करायची. मी ते काम चोख केलं, कापड बेतावं तसं. त्या कापडाचा अंगरखा कुणी घालेल असं मला वाटलं नव्हतं. एका दुपारी ती अरिमथाईच्या योसेफाची गोष्ट सांगत होती. क्रुसावरचं प्रेत कुणी मागायला तयार नव्हतं, तेव्हा हा माणूस अधिकाऱ्याकडे गेला आणि म्हणाला, ते शरीर मला द्या. मी तेवढं वाक्य सांगितलं आणि योशिताका रडायला लागला. आवाज न करता, मान ताठ ठेवून. मग बोलायला लागला. सैबेरियाच्या युद्धकैद्यांच्या छावणीतून तो परत आला त्याला तेव्हा आठ वर्षं होत आली होती, आमच्या लग्नाला सात, आणि त्यानं मला त्याबद्दल एक अक्षर सांगितलेलं नव्हतं. थंडी असायची, एवढंच. आता तो तिच्याकडे बघून बोलत होता आणि मी ते तिच्यासाठी इंग्रजीत करत होते: की जमीन दगडासारखी गोठायची, खड्डा खणता यायचा नाही, मेलेल्यांना लाकडांसारखं रचून ठेवायचे, वसंतापर्यंत; की त्यात शेजारी झोपणारा एक मुलगा होता; की त्याच्या अंगातला कोट योशिताकानं काढून घेतला, आणि ते शरीर त्यानं कुणाकडे मागितलं नाही. गोठलेल्या जमिनीला इंग्रजीत नेमकं काय म्हणतात ते मी शोधत राहिले. म्हणून मला रडता आलं नाही. माझ्या नवऱ्याचं सर्वांत आतलं दुःख मी पहिल्यांदा ऐकलं ते एका परक्या बाईला समजावून सांगताना. आणि त्यानं देव ऐकला तो माझ्या आवाजात. त्या आवाजाकडे त्याआधी त्यानं कधी मान वळवून पाहिलं नव्हतं.

त्यानंतर तो बदलला. चांगला झाला असं कुणीही म्हणेल. दारू सुटली. झोपेत दात खाणं थांबलं. चिहोच्या, आमच्या सहा वर्षांच्या मुलीच्या, केसांतल्या गाठी तो स्वतः सोडवायला लागला. मला त्यातलं काहीही नाकारता येत नव्हतं, आणि म्हणून मला आणखीच राग येत होता. उन्हाळ्यात पितर घरी येतात तेव्हा आम्ही गावाला गेलो, आणि तो देव्हाऱ्यापुढे बसला पण त्यानं हात जोडले नाहीत. सासूबाई अंथरुणावरून बघत होत्या. मग त्यांनी मला विचारलं, त्याला नाही, "मी मेल्यावर मला पाणी कोण देणार गं?" थोरल्या मुलाचा तो मान आहे. सकाळचं पाणी, पहिल्या भाताचा एक घास, आणि आत नावांच्या लाकडी पाट्यांवर बसलेली माणसं, सासरे, त्यांचे वडील, लढाईत गेलेला धाकटा दीर, यांची वास्तपुस्त. मी म्हटलं, मी देईन. त्या म्हणाल्या, "तू सून. नवऱ्यानं नाही म्हटलं की तुझा हात किती लांब पोचणार?" घरी परतल्यावर मिस हॅल्वर्सनला योशिताकानं ही अडचण सांगितली, म्हणजे मी सांगितली, आणि ती फार मायेनं म्हणाली, की त्या पाट्या म्हणजे फक्त लाकूड आहेत. आईवर प्रेम करावं, लाकडावर नाही. मी ते भाषांतर केलं. योशिताकानं मान हलवली. ती मान हलताना मला सासूबाई दिसल्या, तहानलेल्या, एका अंधाऱ्या खोक्यात बसलेल्या, आणि त्यांच्यामागे आम्ही सगळ्या, मी, मग चिहो. मी त्या कशावरच विश्वास ठेवत नाही. पण तहान ही काही विश्वास ठेवायची गोष्ट नाही.

चिहोला दोर ओढायचा होता. एवढंच हवं होतं तिला. शाळेत जायच्या वर्षी मुलं पहिल्यांदा रथाचा दोर धरतात. त्याआधी ती आईच्या कडेवरून बघतात, आणि त्यानंतर ती गल्लीची होतात, पंपावर नंबर लावू शकतात, कुणाच्याही दारात उभं राहून खेळायला हाक मारू शकतात. सुट्टीपासून ती सलूनमागच्या अंगणात सरावाला जात होती, कुरामोचींच्या सेइजीशेजारी तिची जागा ठरली होती. मी तिच्यासाठी सणाचा निळा डगला शिवला होता. योशिताका तिच्यावर ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि दोर धरायचा नाही म्हणून त्यानं तिला समजावलं. तिनं विचारलं, दोर ओढला तर देव रागावेल का? तो म्हणाला, "रागावणार नाही. त्याला वाईट वाटेल." त्यावर दुपारभर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, आणि मला दिसत होतं की ती दोन्ही गोष्टी तोलून बघतेय, रागावणारा देव बरा, हे तिला कळत होतं, कारण रागावणाऱ्याची समजूत काढता येते. मी डगला घडी करून ठेवला. योशिताकाला म्हणायचं ते मी मनात इतक्या वेळा आणि इतक्या भाषांत म्हणत होते की तोंडापर्यंत काही येतच नव्हतं.

उदबत्त्या घेतल्या त्या दिवशी चिहो पंपावरून रिकाम्या हातानं परत आली. तिथे मुलांनी तिला सांगितलं होतं की तुमच्यात सुतक आहे, दोराजवळ यायचं नाही, दोराला लागतं. ती चप्पल न काढता उंबऱ्यातच उभी राहिली आणि विचारलं, "आजी मेली?" मी नाही म्हटलं. "मग सगळे का म्हणतात?" मी म्हटलं, लोकांचा गैरसमज झालाय, तू कुणाला काही सांगू नकोस, बाबांनापण नको. तिनं माझ्याकडे बघितलं. मुलं आपल्याकडे ज्या नजरेनं बघतात तिची मला कायम भीती वाटते, ती नजर पुढे कधीतरी साक्ष द्यायला उभी राहील असं वाटतं. तिनं मान डोलावली आणि चपला काढून त्यांची टोकं दाराकडे करून नीट ठेवल्या, मी शिकवल्यासारख्या.

आणि खरं सांगायचं तर तो दिवस सुखाचा गेला. सुतकाचं घर आमच्या गल्लीत फार जपतात. मासेवालीनं माझ्या वाटणीची गल्ली झाडून टाकली. मास्तरांच्या आईनं सणाचा आंबट भात दिला, पण त्यावरचे मासे काढून, दुःखाच्या घरी चालेल असा करून. रेडिओ हळू झाले. लग्न होऊन या गल्लीत आल्यापासून माझ्याशी कुणी इतकं मऊ वागलं नव्हतं. खोट्या मरणाच्या पांघरुणाखाली मी ऊब घेत बसले. रात्री आपण बिछान्यात वळतो आणि कुठलं तरी अंग गार लागतं, तसं मधूनच आठवायचं की डोंगरात एक म्हातारी श्वास घेतेय आणि इथे मी तिला मारून ठेवलंय. अशा गोष्टी ऐकणारं कुणीतरी असतं आणि ते खरं करून दाखवतं, हे मला कुणी शिकवलेलं नाही तरी माहीत आहे. संध्याकाळी योशिताका कामावरून आला. वाटेत कुरामोचींनी त्याला पाहून टोपी काढली होती, नुसती काढली, काही बोलले नाहीत. तो जेवताना म्हणाला, की बघ, आपण उगाच घाबरत होतो. मिस हॅल्वर्सन म्हणतात तेच खरं, माणूस आपल्या जागी ठाम उभा राहिला की लोक मान देतात. त्याचा चेहरा उजळला होता. मी त्याला भात वाढला. तो चेहरा मला सुंदर वाटला आणि मला तो फोडावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी रथ आमच्या दारावरून जाण्याच्या वेळेलाच मिस हॅल्वर्सननं आमच्या घरी प्रार्थना ठेवली होती. आम्हाला एकटं वाटू नये म्हणून, असं ती म्हणाली. मला वाटतं तिला आघाडीवर हजर राहायचं होतं. चौथं कुणी आलं नाही. बाकीच्या माणसांनी त्या दिवशी आपापल्या गल्लीत कंदील लावलेले असणार. आम्ही तिघं आणि चिहो असे कागदी दार ओढून बसलो. चिहोच्या अंगात अमेरिकेहून आलेल्या जुन्या कपड्यांच्या गाठोड्यातला पिवळा फ्रॉक होता, मिस हॅल्वर्सननंच दिलेला. ढोल अजून दूर होता, देवळापाशी, मग नदीकाठी, मग पंपापाशी. जवळ येतो तसा तो कानांनी ऐकू येत नाही, चटईतून मांड्यांत चढतो. चिहोचे गुडघे त्याबरोबर हलत होते आणि ती ते हातांनी दाबून धरत होती. मिस हॅल्वर्सननं स्तोत्र सुरू केलं, मुद्दाम मोठ्यानं. योशिताका बेसूर गातो. तोही मोठ्यानं गायला लागला. कागदावर माणसांच्या सावल्या आल्या, दोर ओढणाऱ्या मुलांचा एकसुरी आवाज आला, सेइजीचा सर्वांत वर. आणि आमच्या दाराशी येताच ढोल थांबला. मुलं थांबली. कुणीतरी म्हटलं, फडकी काढा रे, आणि डोक्याला बांधलेली फडकी सोडल्याची सळसळ झाली. मग नुसती चाकांची करकर आणि पावलं. सुतकाच्या घरावरून देव असाच नेतात.

मिस हॅल्वर्सनचं स्तोत्र मध्येच तुटलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती माझ्याकडे झुकली आणि इंग्रजीत कुजबुजली, त्याला सांग, आपलं गाणं ऐकून ते गप्प झाले, ते आपल्या प्रभूला मान देतायत. मी सांगितलं नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी तिचं वाक्य माझ्या आत घेतलं आणि तिथेच ठेवलं. पण तिचा चेहराच बोलत होता. योशिताकाला दुभाष्याची गरज उरली नव्हती. त्यानं हात मांडीवर ठेवले आणि बाहेरच्या त्या शांततेपुढे डोकं वाकवलं, ज्या नम्रतेनं त्यानं आईच्या देव्हाऱ्यापुढे वाकवायला हवं होतं त्या नम्रतेनं. "ऐकलंस?" तो मला म्हणाला. "आपल्यासाठी थांबले."

चिहो म्हणाली, "बाबा, त्यांना वाटतं आजी मेली."

काही वेळ त्याला कळलं नाही. मग तो दाराकडे बघत राहिला, जिथे कंदील असायला हवा होता त्या बाजूला, आणि मग माझ्याकडे. इतक्या वर्षांत त्यानं माझ्याकडे असं पूर्ण, दुसरं काही मध्ये न ठेवता, पाहिलं नव्हतं.

"तू आईला मारलंस," तो म्हणाला.

"तुम्ही कंदील लावला नाहीत," मी म्हटलं.

मिस हॅल्वर्सन आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. तिनं विचारलं, तो काय म्हणाला. आणि मी तिला सांगितलं, जसंच्या तसं, एकही शब्द मऊ न करता: माझा नवरा म्हणतोय की मी त्याच्या आईला मारलं. तिचा हात तोंडावर गेला. पुढचं मी तिला समजावलं नाही. मी चिहोचा हात धरला, दार सरकवलं आणि अनवाणी गल्लीत उतरले.

बाहेर ऊन इतकं होतं की आधी मला फक्त निळे डगले दिसले. सगळे थांबले होते. आघाडीला कुरामोची, हातात मोठा पंखा. तो वर गेला की ढोल वाजायचा. सुतकातली बाई रथाच्या वाटेत उतरली म्हणून मुलं मागे सरत होती. मी म्हटलं, "आमच्यात कुणी गेलेलं नाही. सासूबाई बऱ्या आहेत." माझा आवाज दुभाष्याचाच आला, सपाट, कुणाचं तरी सांगणं पोचवल्यासारखा. कुरामोचींची बायको आयांच्या घोळक्यात होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मग तोंड फिरवलं.

"मग कंदील?" कुरामोचींनी विचारलं.

"हे ख्रिस्ती झालेत."

कुणी आश्चर्य दाखवलं नाही. मास्तरांनी आकाशाकडे पाहिलं. माझ्यामागे आमचं दार उघडं होतं आणि त्यात ते दोघं येऊन उभे राहिलेत हे मला न बघता कळत होतं, कारण सगळ्यांच्या नजरा माझ्या डोक्यावरून जात होत्या, त्या उंच बाईच्या तोंडावर. कुरामोचींनी पंख्याच्या दांड्यानं मान खाजवली. ते वाईट गृहस्थ नाहीत. चिहोचं जावळ त्यांनीच काढलं होतं, ती रडू नये म्हणून आरशात वाकुल्या दाखवत.

"सुतक वर्षात फिटतं, वहिनी," ते म्हणाले. "हे कधी फिटायचं?"

मागून मिस हॅल्वर्सन तिच्या घोटून पाठ केलेल्या आदराच्या भाषेत म्हणाली, की आमचं दार आपल्यासाठी सदैव उघडं राहील. ते माझंच दार होतं. माझ्या पावलांखाली बारीक खडी होती, माझी मुलगी माझा अंगठा ओढत होती, आणि मला वाटलं की मला या दोन्ही प्रेमळ माणसांचा, दारातल्या आणि गल्लीतल्या, सारखाच वीट आलाय. दोघांनीही मला जागा ठेवली होती आणि दोघांच्याही जागेत मूल मावत नव्हतं. "माझी मुलगी दोर धरणार आहे," मी म्हटलं. "तिची जागा ठरलेली आहे, सेइजीशेजारी."

नाही कुणी म्हणालं नाही. आमच्या गल्लीत नाही म्हणत नाहीत. कुरामोचींनी मुलाकडे पाहिलं, सेइजीनं बापाकडे, आणि मग तो दोरावर थोडा पुढे सरकला. त्याच्यामागची मुलगी मागे सरकली. चिहोला जागा झाली. पुढे एक हात, मागे एक हात, लागेल त्यापेक्षा पुष्कळ जास्त, ओल्या रंगाच्या भिंतीपासून लोक राहतात तशी. ती पिवळ्या फ्रॉकात त्या मोकळ्या दोराच्या मधोमध उभी राहिली आणि तिनं तो दोन्ही हातांनी धरला. रथ हलला. पंखा मात्र वर गेला नाही. कुणी मेलेलं नाही हे सगळ्यांना कळलं होतं, तरी ढोल गप्प राहिला, फडकी हातातच राहिली, आणि आमचं घर पूर्ण मागे पडेपर्यंत, खिडकी, भिंत, कुंडी, पावसाच्या पाण्याचा नळ, देव त्याच शांततेतून गेला. मगाशी ती शांतता चुकीनं होती. मासेवाल्यांच्या दाराशी कुरामोचींनी पंखा उचलला. ढोल पडला. मुलं ओरडायला लागली. चिहोनंही तोंड उघडलं; तिचा आवाज मला वेगळा ऐकू आला नाही.

मी मागे वळून पाहिलं नाही. योशिताका दारात अजून उभा होता की आत गेला होता, मला माहीत नाही. त्यानं हाक मारली असती तर ढोलात ती बुडाली असती. मी आयांबरोबर रथाच्या डाव्या अंगानं चालायला लागले, आणि त्यांनीही माझ्या पुढे-मागे तशीच जागा सोडली. नदीच्या रस्त्याला गल्ली काटकोनात वळते. तिथे रथ वळवायला दोर एका बाजूला खेचावा लागतो, सगळ्या मुलांना आतल्या अंगाला दाटीनं यावं लागतं, अंतर ठेवायला तिथे रस्ताच नाही. कुरामोची ओरडले, दाबा, दाबा, आणि दोर आकसला. सेइजीचा खांदा चिहोच्या छातीत घुसला, मागच्या मुलीची हनुवटी तिच्या मानेवर आली, कुणाचा तरी घामेजला निळा हात तिच्या पिवळ्या पाठीवरून दोरापर्यंत गेला. सगळी मिळून एकच अंग असल्यासारखी तिरपी झाली आणि लाकूड किंचाळत वळलं. मी श्वास घेतला नाही. मग रस्ता सरळ झाला. मुलं पुन्हा लांब होत गेली, सेइजी पुढे, ती मुलगी मागे, आणि चिहोभोवती तेवढंच अंतर पडलं, मोजून घेतल्यासारखं. तिनं दोर सोडला नव्हता. नदीवरून वारा येत होता आणि तिच्या फ्रॉकचा घेर एका बाजूला उडत होता. पुढचं वळण कुठे आहे ते मी पाहू लागले.